देणगीदार गिऱ्हाईक नाही

स्वयंसेवी संस्थांच्या विश्वस्त मंडळांत, निधी संकलनाच्या कार्यशाळांत आणि सल्लागारांच्या सादरीकरणांत गेली काही वर्षे एक विचार मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो. देणगीदाराला संस्थेच्या मूल्यांशी काही देणेघेणे नसते, असे त्यात गृहीत धरलेले असते. त्याला डोळ्यांत पाणी आणणारा एक फोटो लागतो, चारचौघांत सांगण्याजोगा एक आकडा लागतो आणि ऐंशी-जीची पावती लागते. ही तीन कामे वेळेवर झाली की पैसा येतो. तत्त्वे, भूमिका, आग्रह संस्थेच्या घटनेत सुखाने राहू द्यावेत. ते देणगीदारापुढे काढले की तो बिचकतो, प्रश्न विचारू लागतो आणि चेकबुक मिटून ठेवतो. संबंध जोडायचेच तर वाढदिवसाला शुभेच्छा पाठवाव्यात, नाव-गाव लक्षात ठेवावे, वर्षातून एकदा कार्यक्रमाला बोलावून पुष्पगुच्छ द्यावा. बाकी सारा भाबडेपणा.

असे म्हणणारी माणसे वाईट नाहीत. पुढच्या महिन्याचे पगार कुठून करायचे या काळजीत त्यांतल्या कित्येकांनी रात्री काढल्या आहेत. म्हणूनच त्यांचे म्हणणे झटकून टाकून चालत नाही, ते खोडून काढावे लागते. आणि ते खोडता येते, कारण ज्या व्यवहाराच्या नावाने हा विचार मांडला जातो त्या व्यवहारातच तो टिकत नाही.

पावतीपासूनच सुरुवात करू. प्राप्तिकर कायद्याच्या ऐंशी-जी कलमाखाली पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर बहुतेक वेळा निम्म्या रकमेची वजावट मिळत आली. त्यासाठी संस्था नोंदणी करतात, देणगीदाराचा पॅन मागून घेतात, वर्ष संपल्यावर देणग्यांचे विवरण भरतात, देणगीदारांना प्रमाणपत्रे पाठवतात. पण ही वजावट जुन्या करप्रणालीतली आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली, आणि तिच्यात पगारदार देणगीदाराला ही वजावट मिळत नाही. ज्या संस्थेने वर्षानुवर्षे ‘३१ मार्चपूर्वी देणगी द्या, कर वाचवा’ एवढाच निरोप पाठवला, तिच्याजवळ नव्या प्रणालीत गेलेल्या माणसाला सांगण्यासारखे आता काय उरले? ज्या संस्थेने त्याच माणसाला आपण दारूबंदीसाठी का झगडतो, आपल्या वसतिगृहात जातीचा रकाना का नाही, हे सांगितले होते, तिचा निरोप अजून शाबूत आहे.

फोटो आणि आकड्याचे बळही असेच अल्पजीवी असते. निधी संकलनाचे तंत्र सर्वांत पुढे गेलेला देश म्हणजे अमेरिका. तिथे फंडरेझिंग इफेक्टिव्हनेस प्रोजेक्ट नावाचा उपक्रम देणगीदार टिकतात किती, हे वर्षानुवर्षे मोजतो आहे. एका वर्षी देणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी माणसे पुढच्या वर्षी त्याच संस्थेला पुन्हा देतात, आणि पहिल्यांदाच देणाऱ्यांत तर हे प्रमाण आणखी बरेच खाली असते. म्हणजे उत्तमोत्तम पत्रे, उत्तमोत्तम छायाचित्रे, उत्तमोत्तम संगणकप्रणाली वापरूनही आलेली माणसे निघून जातात. गेलेल्यांच्या जागी नवी आणायला पुन्हा खर्च करायचा, आणि त्या खर्चासाठी पुन्हा आणखी हुकमी फोटो शोधायचा. याला व्यवहारी म्हणणे कठीण आहे.

या वाटेचे टोक ब्रिटनने २०१५ मध्ये पाहिले. ब्रिस्टलच्या ९२ वर्षांच्या एक आजी त्या मे महिन्यात वारल्या. युद्धात कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ विकली जाणारी पॉपीची फुले त्यांनी आयुष्यातली ७६ वर्षे विकली होती. अशी बाई कोणत्याही संस्थेने जिवापाड जपावी. त्यांच्या मृत्यूनंतर तिथल्या निधी संकलन मानक मंडळाने चौकशी केली, तेव्हा ९९ संस्थांकडे त्यांचे नाव-पत्ता असल्याचे निघाले. एकट्या २०१४ सालात त्यांना ४६६ पत्रे गेली होती. यांतल्या बऱ्याच संस्थांना आजींनी आपणहून पत्ता दिलाच नव्हता. तो याद्यांच्या देवघेवीतून फिरत फिरत पोचला होता. त्यांच्या मृत्यूला संस्था कारण नाहीत, असे कुटुंबीयांनी स्पष्ट सांगितले आणि तो मान राखलाच पाहिजे. पण रोज दारात पडणारा तो टपालाचा ढीग खराच होता. त्याच वर्षी सर स्टुअर्ट एदरिंग्टन यांच्या समितीचा अहवाल आला, २०१६ मध्ये नवे नियामक मंडळ उभे राहिले, २०१७ पासून ‘मला या संस्थेकडून काहीही पाठवू नका’ असे सांगण्याची अधिकृत सोय झाली. प्रत्येक संस्थेने आपापल्या टेबलावर बसून तंत्रशुद्ध काम केले होते. त्या बाईंचे आपल्याशी नाते काय, हा प्रश्न कुठल्याच टेबलावर नव्हता.

यावर लगेच उत्तर येते की ही श्रीमंत देशांची दुखणी आहेत. आपल्याकडे देणगीदार सापडतो तेच नशीब. त्याच्याशी मूल्यांची चर्चा करायला फुरसत कुणाला? या उत्तराचा समाचार पुण्याच्या इतिहासात घेता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत या शहरात देणगी, देणगीदार आणि मूल्ये यांचा जो पेच पडला, तो आजच्या कुठल्याही कार्यशाळेहून अधिक शिकवतो.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे गावोगावी बोलत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसा पुरवण्याचे तिने मान्य केले. शाळा कोणत्याही पंथाची नसेल, मुलींवर धर्माची सक्ती होणार नाही, हे ठरले होते. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. सल्लागार म्हणून न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे उभी राहिली. बोस्टनने पैसा दिला आणि पुण्याच्या या मंडळींनी आपली पत दिली. ब्राह्मण घरातली विधवा मुलगी ख्रिस्ती बाईच्या शाळेत पाठवायची, तर ही पतच मोलाची होती. तीसुद्धा देणगीच होय.

मोडले ते नेमके इथे. रमाबाईंच्या लेखी धर्मस्वातंत्र्य म्हणजे सक्ती नाही. पण त्या स्वतः प्रार्थना करणार, दार उघडे असणार आणि ज्या मुलीला येऊन बसावेसे वाटेल तिला अडवले जाणार नाही. पुण्याच्या सल्लागारांच्या लेखी मुलींवर प्रभावही पडता कामा नये. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. ‘तटस्थ’ या एका शब्दाखाली त्यांनी दोन वेगळ्या गोष्टींवर सही केली होती आणि तो फरक वेळीच समोरासमोर बसून कुणी उलगडला नाही. वर्तमानपत्रांत वादळ उठले. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनहून असोसिएशनच्या जूडिथ अँड्र्यूज स्वतः हिंदुस्थानात आल्या, त्यांनी शाळा पाहिली, आणि तिथल्या मंडळींनी रमाबाईंची साथ सोडली नाही. दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या, जुनी संस्था विसर्जित होऊन नवी झाली, आणि केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले. आता काही झाकलेले नव्हते. ज्यांना ते पटत होते त्यांनी दिले, ज्यांना पटत नव्हते त्यांनी दिले नाही. दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्या उघड भूमिकेच्या छपराखाली आसरा मिळाला.

मूल्यांची चर्चा देणगीदाराला पळवून लावते, असे म्हणणाऱ्यांनी ही हकीकत उलट बाजूने वाचावी. पुण्याची मंडळी दुरावली ती न झालेल्या चर्चेमुळे.

शारदा सदनात सुरुवातीलाच दाखल झालेल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांचा फर्ग्युसन कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांशी, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. म्हणजे त्या वर्षाचे वादळ कर्व्यांनी घरातून पाहिले. त्यांच्या गावच्या मुरुडकरांनी टाकलेला बहिष्कार त्यांनी भोगला. आणि तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा देणगीदारांशी बोलण्याची जी रीत त्यांनी धरली, ती पाहण्यासारखी आहे.

स्वतः विधवेशी लग्न केलेला हा माणूस विधवाविवाहाच्या मंडळीचा चालक होता. आश्रम काढल्यावर मात्र त्यांनी दोन्ही कामे काटेकोरपणे वेगळी केली. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी आहे, पुनर्विवाह लावून देणे हे आश्रमाचे काम नाही, असे त्यांनी जाहीर सांगितले. सनातन्यांना यात चलाखी दिसली, तर कडव्या सुधारकांना भित्रेपणा दिसला. टीका दोन्हींकडून झाली. पण वर्गणी देणाऱ्याला आपला रुपया कुठे जाणार आणि कुठे जाणार नाही, हे नेमके ठाऊक होते. पुनर्विवाहाचे नाव काढताच कानांवर हात ठेवणारा गृहस्थसुद्धा विधवा बाईने शिकून पोटाला लागावे एवढे मान्य करत असे आणि तेवढ्यासाठी पैसे देत असे. कर्व्यांनी त्याला आपले लग्न लपवून दाखवले नाही, किंवा त्याच्यासाठी आपले मत मवाळही केले नाही. या कामात आपण दोघे कुठपर्यंत सोबत आहोत, याची हद्द त्यांनी आखून दिली. देणगीदाराशी नाते म्हणतात ते हेच. वाढदिवसाच्या शुभेच्छांची सर त्याला येत नाही.

आणि या रीतीने पैसा आला का? रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला जमीन दिली. कॉलेजातले तास संपवून कर्वे चिखल तुडवत तिथवर चालत जात. १९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय, सरकारी मान्यता नाही. मान्यता हवी तर माध्यम बदला, असे सांगणारे हितचिंतक तेव्हाही असतीलच. कर्व्यांनी माध्यम बदलले नाही. चार वर्षांनी, १९२० मध्ये, मुंबईचे गिरणीमालक आणि सहकारी चळवळीचे एक अध्वर्यू सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या मान्यता नसलेल्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. त्यांनीही जपानच्या दौऱ्यात तिथले महिला विद्यापीठ पाहिले होते. दोन माणसांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती हवी असल्याचे एकाने आधी जगजाहीर केले होते, म्हणून दुसऱ्याला तो सापडला.

ठाकरसींनी अटी घातल्या. विद्यापीठाला आपल्या आईचे, नाथीबाईंचे नाव द्यावे, ही त्यांतली प्रमुख. कर्व्यांनी ती मानली. ‘शेवटी पैशापुढे तत्त्व वाकलेच ना?’ असे कुणी विचारील. पण स्त्रियांचे शिक्षण आणि मातृभाषेचे माध्यम, या दोन खांबांपैकी एकालाही ती अट हात लावत नव्हती. मूल्ये स्पष्ट असली की कुठे वाकायला हरकत नाही हेही स्पष्ट होते. सर विठ्ठलदास अवघ्या दोन वर्षांनी, १९२२ मध्ये वारले, पण ते घर विद्यापीठापासून तुटले नाही. पुढे त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी या त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. फोटो आणि पावतीवर उभा राहिलेला संबंध दात्याच्या मृत्यूनंतरही घरात असा टिकल्याचे उदाहरण आजच्या सल्लागारांनी दाखवावे.

नावाच्याच अटीची दुसरी बाजू साताऱ्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने कॉलेज काढले. त्याचे नाव बदलले तर मोठी रक्कम देतो, असा प्रस्ताव एका धनिकाकडून आला आणि भाऊरावांनी तो धुडकावला, ही आठवण त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या परिवारात आजही सांगतात. कर्व्यांनी नाव दिले आणि भाऊरावांनी नाकारले, यात विसंगती नाही. साताऱ्यात नाव हेच मूल्य होते. रयतेच्या पोरांसाठी शिवाजीच्या नावाने कॉलेज, हाच त्या कामाचा गाभा होता. ‘दात्यांना नाव द्यावे की देऊ नये’ असा सरसकट नियम शोधणारे दोन्ही ठिकाणी चुकतील.

आणि नकार देण्याची ताकद भाऊरावांकडे आली कुठून? त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, आणि हे गावोगावच्या माणसाला ठाऊक होते. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, हेही ठाऊक होते. ‘मुष्टिफंडा’त घरची बाई दळणाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवी; ते गोळा होऊन वसतिगृहाच्या कोठीत येई. त्या मुठीची पावती नव्हती. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबवले, तेव्हा संस्था बंद पडायला हवी होती. लोकांनी धान्य आणले, पैसे आणले, गाडगेबाबांनी सरकारदरबारी शब्द टाकला, आणि शाळा चालू राहिल्या. ज्या संस्थेचा सर्वांत मोठा आश्रयदाता रातोरात पाठ फिरवतो, तिच्या मागे कोण उभे राहते हे पाहण्याची याहून कडक परीक्षा नाही.

जुन्या माणसांच्या गोष्टी म्हणून हे बाजूला सारणाऱ्यांसाठी अलीकडचा दाखला. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनात सापडलेल्या मुलांवर लेखमाला लिहिली. ती निधीसाठी लिहिलेली नव्हती. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाने व्यसनमुक्ती केंद्रासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. तिथेच २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण सुरू झाले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही भूमिका वाचून दाता स्वतःच्या पायांनी चालत आला. भूमिका झाकली असती, तर त्याने कशाकडे बघून यायचे होते?

आता सर्वांत अवघड आक्षेप. आजचा मोठा पैसा व्यक्तींकडून येत नाही, कंपन्यांकडून येतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायला लावली. तिथे बसलेल्या अधिकाऱ्याला वर्षाचे टार्गेट असते, दर तिमाहीला अहवाल लागतो, दोन वर्षांनी त्याची बदली होते. त्याच्याशी कसली मूल्यांची नाती?

असल्या नात्याचे नेहमीचे चित्र कुणीही जाऊन पाहावे. जिल्हा परिषदेच्या शाळेचे पटांगण, सकाळचे साडेदहा. फ्लेक्सवर कंपनीचे बोधचिन्ह शाळेच्या नावाच्या दुप्पट. मुले आठपासून ओळीत उभी, अंगात कालच वाटलेले टी-शर्ट, काहींना ते गुडघ्यापर्यंत आलेले. पाहुणे बाराला येतात. स्वागतगीत होते. मग एका मुलीला पुढे करून ‘आधी आम्हाला पाणी नव्हते, आता आहे’ हे वाक्य बोलायला लावतात. तिने ते चारदा पाठ केलेले असते. फोटो निघतो. संस्थेचा कार्यकर्ता गाडीचे दार उघडून देतो. त्या सगळ्या वेळात बुडालेला गणिताचा तास कुणाच्याही अहवालात येत नाही.

हे असेच चालले पाहिजे, असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही. उलट निधी मागणाऱ्याने आपले म्हणणे ठामपणे मांडण्यासाठी कायदाच त्याच्या हाती काही गोष्टी देतो. एक उदाहरण पुरे. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर केलेल्या खर्चाची. काम प्रत्यक्ष राबवणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांच्या पगाराची ती नव्हे, असे केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ मध्ये खुलाशात सांगितले. तरीही अनेक प्रस्तावांत संस्थेच्या सगळ्या खर्चावर तीच पाच टक्क्यांची कात्री चालते, आणि संस्था मान डोलावतात. मग आरोग्यसेविकेचा पगार ‘प्रशिक्षण’ या शीर्षकाखाली दाखवायचा, हिशेबनीसाचे मानधन ‘साहित्य’ म्हणून दाखवायचे. नाते सुरू होण्याआधीच त्यात खोटे शिरते. ज्याला हे नाते खरोखर हवे आहे त्याने पहिल्याच बैठकीत सांगावे की काम माणसे करतात, माणसांना पगार लागतो, नियम असा आहे, आणि मुलांना उन्हात उभे करून स्वागतगीत होणार नाही. काही अधिकारी उठून जातील. जे बसतील त्यांच्यातलाच एखादा बदली होताना पुढच्या माणसाला ‘ही संस्था खरे बोलते’ एवढे सांगून जाईल, आणि कंपनीतली स्मृती याच मार्गाने पुढे जाते.

‘भुकेल्या मुलाला पैशाचा रंग दिसत नाही’ हे वाक्य या वादात हमखास येते आणि ते ऐकून समोरचा गप्प होतो. गप्प होऊ नये. लंडनचे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे लहान मुलांचे रुग्णालय. त्याहून निकडीची गरज कुणाची असणार? २०१८ च्या जानेवारीत लंडनमधल्याच प्रेसिडेंट्स क्लब नावाच्या मंडळाच्या केवळ पुरुषांसाठीच्या निधी संकलन मेजवानीत आदरातिथ्यासाठी बोलावलेल्या तरुणींशी किळसवाणे वर्तन झाल्याचे ‘फायनान्शियल टाइम्स’ने उघड केले. त्या मंडळाकडून आधीच्या वर्षांत आलेले ५,३०,००० पौंड परत करण्याचा निर्णय रुग्णालयाच्या धर्मादाय संस्थेने घेतला. मुलांच्या तोंडचा घास काढला, अशी टीका त्यावर झाली. पण त्या रुग्णालयात परिचारिका आहेत, मुलांच्या आया आहेत, आणि हजारो साधे देणगीदार आहेत ज्यांनी आपला पैसा त्या पैशाच्या रांगेत उभा केला होता. त्यांच्याशी असलेले नाते सांभाळायचे, तर तो धनादेश परत जाणे भाग होते. ‘पैशाला रंग नसतो’ म्हणणारा माणूस फक्त मोठ्या दात्याचा विचार करत असतो. छोट्या दात्यांचा शब्द त्याने आधीच मोडीत काढलेला असतो.

दात्याशी नाते जोडण्याच्या या विचाराला विरुद्ध दिशेनेही एक धक्का बसला आहे आणि त्याची दखल घेणे भाग आहे. अमेरिकेत सिअॅटलमधून २०२० मध्ये ‘कम्युनिटी-सेंट्रिक फंडरेझिंग’ नावाची चळवळ पुढे आली. दात्याभोवती पिंगा घालण्याच्या नादात ज्यांच्यासाठी काम आहे त्या वस्तीचाच विसर पडतो, असे तिचे म्हणणे. ते खरे आहे. पण त्यावरचा उपाय दात्याशी बोलणे तोडणे हा नव्हे. वर्गणीदाराला सनातनी म्हणून हिणवून कर्व्यांचे भागले नसते आणि त्याची मर्जी राखायला विधवांच्या शिक्षणाला मुरड घालूनही भागले नसते. दात्याला वस्तीची बाजू न लाजता सांगणे, ती त्याला बोचली तरी सांगणे, हेच निधी मागणाऱ्याचे काम आहे. त्यासाठी त्याला संस्थेत मान लागतो, निर्णयाच्या बैठकीत खुर्ची लागते. आज बहुतेक ठिकाणी तो टार्गेट घेऊन फिरणारा आणि टार्गेट चुकले की नोकरीवरून जाणारा माणूस आहे. त्याच्याकडून नकाराची अपेक्षा करण्याआधी विश्वस्तांनी ‘अमुक पैसा आपण घेणार नाही’ असा लेखी ठराव करून त्याच्या हाती दिला पाहिजे.

उरला वेळेचा प्रश्न. छोट्या संस्थेकडे एवढी माणसे कुठून येणार, हा आक्षेप ऐकायला सर्वांत रास्त आणि तपासायला सर्वांत सोपा. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या संस्थेचे चारशे देणगीदार धरले आणि दिवसाला दोघांना फोन केला, तर दोनशे कामाच्या दिवसांत सगळ्यांशी एकदा बोलणे होते. त्या बोलण्यात पैसे मागायचे नाहीत. गेल्या वर्षी काय फसले ते सांगायचे, आणि आमचे काय पटत नाही ते विचारायचे. मिळालेले उत्तर देणगीच्या नोंदवहीत रकमेशेजारी एक रकाना आखून तारखेसह लिहायचे, आणि वार्षिक सभेपूर्वी तो रकाना विश्वस्तांपुढे वाचायचा. त्याच सभेत घेतलेल्या देणग्यांच्या यादीबरोबर नाकारलेल्या आणि परत केलेल्या देणग्यांचीही यादी ठेवायची, कारणासह. निरंक असेल तर निरंक लिहायचे.